ऐकून लिहिता येईल असं नाव

२०२२ सालची गोष्ट. एप्रिल महिना, आंब्याचा ऐन हंगाम. रत्नागिरीजवळ राहणाऱ्या माझ्या मावशीचा सकाळी सकाळी फोन आला. "अरे, मुंबईचं एक गिऱ्हाईक विचारत होतं, तुम्ही पत्त्यांचा क्लब कधीपासून काढलात? आपल्या वेबसाइटला काय झालंय ते बघ बरं जरा." मी संगणक उघडला, वेबसाइटचा पत्ता टाकला आणि पाहतो तर काय! जिथे मावशीच्या बागेचा फोटो, हापूसच्या पेट्या, आमसुलं, आगळ, फणसपोळी दिसायची, तिथे झगमगत्या दिव्यांखाली एक माणूस पत्ते पिसत होता आणि वर लिहिलं होतं, 'आत्ताच खेळा'.

मला आधी वाटलं, कुणीतरी वेबसाइटमध्ये शिरून खोडी केली असावी. तसं नव्हतं. वेबसाइटचं जे नाव असतं, ज्याला 'डोमेन नेम' म्हणतात, त्याची वर्षाची फी भरायची राहून गेली होती. मुदत संपली, नाव मोकळं झालं आणि कुणा अनोळखी माणसानं रीतसर पैसे भरून ते घेतलं. घरात चोर शिरला नव्हता; भाडं थकलं म्हणून घरच दुसऱ्याला गेलं होतं.

दोष कुणाचा, हे सांगताना मला संकोच वाटतो, कारण तो बराचसा माझाच. २०११ साली ही वेबसाइट काढली तेव्हा नाव मीच सुचवलं होतं. आणि ते नोंदवण्याचं काम वेबसाइट बनवून देणाऱ्या एका होतकरू मुलावर सोपवून मीच मोकळा झालो होतो. या दोन चुकांनी जे शिकवलं, ते आज आपल्याला सांगायचं आहे. आज गावोगावचे बचत गट, मसाला करणाऱ्या बायका, शिकवणी घेणारे शिक्षक, छोटे दुकानदार आपापली वेबसाइट काढत आहेत. त्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे नाव, वर्षाला साधारण हजार-दीड हजार रुपयांचं. आणि बिघडलं तर सगळ्यात महागात पडते तीही तीच.

हे नाव म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. इंटरनेटवरच्या संगणकांना खरं तर आकड्यांचे पत्ते असतात. माणसाच्या ध्यानात आकडे राहत नाहीत. आपण मोबाइलमध्ये 'मावशी' असं नाव साठवतो आणि तिचा दहा आकडी नंबर विसरून जातो, तशीच ही सोय. सुरुवातीला अमेरिकेत एकमेकांना जोडलेले संगणक मोजकेच होते. तेव्हा कोणत्या नावाचा कोणता आकडा, याची एकच यादी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असे आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. संगणक वाढले तशी ती यादी आवरेना. मग १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नवी रचना आखली. एका यादीऐवजी झाडाच्या फांद्यांसारख्या याद्या करायच्या. डॉट कॉमची एकाकडे, डॉट इनची दुसऱ्याकडे. डॉट कॉममधलं पहिलं नाव सिम्बॉलिक्स या अमेरिकन कंपनीनं १५ मार्च १९८५ रोजी नोंदवलं. आपल्या डॉट इनची नावं सर्वसामान्यांना थेट मिळू लागली ती २००५ पासून.

हे नाव वाचायचं कसं, तेही सांगतो, कारण वेबसाइट नसलेल्या माणसालाही ते उपयोगाचं आहे. टपालाची वाटणी करताना पाकिटावरची शेवटची ओळ आधी पाहतात. आधी पिन कोड, मग गाव, मग आळी. संगणकही वेबसाइटचं नाव उजवीकडून वाचतो. शेवटी डॉट कॉम किंवा डॉट इन, त्याच्या लगेच डावीकडे खरा मालक. त्याच्याही डावीकडे त्या मालकाला वाटेल ते लिहिता येतं. म्हणून कुणी सुरुवातीला मोठ्या बँकेचं नाव घालून शेवटाजवळ भलतंच नाव ठेवलं, तर ती वेबसाइट बँकेची नसते, त्या भलत्याची असते. हीच फसवणूक टाळायला रिझर्व्ह बँकेनं २०२५ साली सगळ्या बँकांना आपल्या नावाचा शेवट 'डॉट बँक डॉट इन' असा करून घ्यायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घालून दिली. नावावर विश्वास ठेवूनच माणूस आत येतो, हे त्यामागचं कारण.

आता माझी पहिली चूक. २०११ साली सगळीकडे असा समज होता, की लोक गुगलवर जे शब्द टाकून शोधतात तेच शब्द वेबसाइटच्या नावात घातले की ती यादीत वर येते. त्या काळात तो समज अगदीच निराधार नव्हता. म्हणून मी रत्नागिरी, हापूस, आंबा आणि ऑनलाइन असे चार शब्द घेतले. सलग जोडलेलं नाव आधीच कुणीतरी घेतलेलं होतं, तेव्हा मध्ये दोन आडव्या रेघा मारल्या आणि नाव नोंदवायला सांगितलं. मोठी अक्कल लढवली असं तेव्हा वाटलं होतं.

वर्षभरातच, सप्टेंबर २०१२ मध्ये, गुगलनं आपल्या शोधपद्धतीत एक बदल जाहीर केला. नावात नेमके शोधायचे शब्द आहेत, पण आत मजकूर सुमार आहे, अशा वेबसाइट त्यामुळे खाली गेल्या. आणि आज तर गुगलच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेतच म्हटलं आहे, की नावातल्या अशा शब्दांचा क्रमवारीवर जवळजवळ काही परिणाम होत नाही. तेच डॉट कॉम, डॉट शॉप, डॉट ऑनलाइन या शेपटांचं. त्यातल्या कुणाला झुकतं माप मिळत नाही. डॉट इन असेल तर ही वेबसाइट भारतातल्या लोकांसाठी आहे एवढी खूण शोधयंत्राला मिळते.

याचं कारण सोपं आहे. शोधयंत्र पाटी वाचून परत फिरत नाही, ते दुकानात शिरतं. पानावर काय लिहिलं आहे, ते वाचणाऱ्याच्या कामाचं आहे का, दुसऱ्या चांगल्या वेबसाइटनी त्या पानाकडे बोट दाखवलं आहे का, मोबाइलवर पान नीट उघडतं का, हे ते पाहतं. 'आमसूल आणि आगळ यांत फरक काय' यावर मावशीनं स्वतःच्या अनुभवातून लिहिलेलं एक पान, माझ्या चार शब्दांच्या नावापेक्षा कितीतरी अधिक माणसं आणू शकतं. खुद्द गुगलचं उदाहरण घ्या. १५ सप्टेंबर १९९७ रोजी नोंदवलेल्या या नावात 'शोध' हा शब्द कुठे आहे? एकावर शंभर शून्यं या संख्येला इंग्रजीत 'गूगॉल' म्हणतात, त्यावरून ते नाव आलं.

मग शोधयंत्राच्या दृष्टीनं नावाला काहीच महत्त्व नाही का? आहे, पण वळणानं. नुसता 'हापूस' असा शोध घेतला, तर मावशीला कोकणातल्या सगळ्या बागायतदारांशी स्पर्धा करावी लागते. पण ज्याला तिचं नाव आठवतं तो गुगलवर तेच टाकतो, आणि तिथे तिला स्पर्धकच नसतो. म्हणजे शोधयंत्राला खूश करण्याचा रस्ताही माणसाच्या स्मरणातूनच जातो. माझं नाव कुणालाच आठवत नव्हतं. कसं आठवणार? मावशी फोनवर सांगायची, "रत्नागिरी, मग आडवी रेघ, मग हापूस... नाही हो, खालची रेघ नाही, मधली!" तोवर समोरचा म्हणे, "राहू द्या, व्हॉट्सॲपवर पाठवा."

म्हणून नावाची पहिली परीक्षा कानाची. १९९४ साली जेफ बेझोस यांनी आपल्या कंपनीचं नाव 'कडॅब्रा' ठेवलं होतं, जादूगाराच्या मंत्रातलं. फोनवर त्यांच्या वकिलाला ते 'कडॅव्हर', म्हणजे प्रेत, असं ऐकू आलं. नाव बदललं आणि ॲमेझॉन झालं. मी आत्ता रेडिओवर बोलतोय. ऐकणाऱ्यांपैकी कुणी पोळ्या लाटत असेल, कुणी गाडी चालवत असेल. मी एखादं नाव एकदाच उच्चारलं आणि संध्याकाळी ते तुम्हाला बिनचूक लिहिता आलं, तर ते नाव चांगलं. इंग्रजीत या कसोटीला 'रेडिओ टेस्ट' असंच म्हणतात.

आपल्या मराठी माणसाला ही कसोटी जरा जास्तच कठीण जाते. आपण नाव उच्चारतो मराठीत आणि लिहायचं असतं इंग्रजी अक्षरांत. जुनं नाव गेल्यावर मावशीनं हौसेनं कुलदैवताचं नाव सुचवलं, श्रीलक्ष्मी. आता 'श्री' घ्या. कुणी शेवटी आय लिहितं, कुणी दोन ई, कुणी मधला एच गाळतं. झाले तीन प्रकार. 'लक्ष्मी'त कुणी एक्स घालतं, कुणी के एस एच. तीन दुणे सहा. सहांपैकी एकच पत्ता मावशीचा, बाकीचे पाच दुसऱ्या कुणाचे किंवा कुणाचेच नाहीत. 'वाडा' म्हटलं की व्ही की डब्ल्यू हा प्रश्न आलाच. 'दीपक'मध्ये दोन ई की एक आय? 'ज्ञानेश्वर' लिहिताना तर डी एन वाय, जी वाय आणि जे एन असे तीन पक्ष पडतात. देवाचं नाव दुकानाच्या पाटीवर शोभतं, कारण पाटी डोळ्यांनी वाचायची असते. वेबसाइटचं नाव कानांनी वाचतात.

मग मी एक युक्ती केली, ती तुम्हीही करून पाहा. मनात आलेलं प्रत्येक नाव तीन माणसांना फोनवर एकदाच सांगायचं आणि इंग्रजीत लिहून पाठवायला सांगायचं. मी नागपूरच्या आतेभावाला, शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला आणि माझ्या निवृत्त शाळामास्तरांना कामाला लावलं. तिघांचं सारखं आलं तर नाव पुढे न्यायचं. वेगळं आलं तर सोडून द्यायचं, किंवा अगदीच जीव अडकला असेल तर सगळी स्पेलिंगं विकत घेऊन एकाच वेबसाइटकडे वळवायची. पहिल्या दिवशी सात नावांपैकी सहा गळाली.

आणखी काही पथ्यं. आकडा नको. 'दोन' म्हटल्यावर अंक काढायचा की अक्षरात लिहायचं, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. आडव्या रेघेचं दुःख मी भोगलेलंच आहे. टिंबांच्या मधल्या भागात नियमानं ६३ अक्षरं चालतात, पण चालतात म्हणून घालायची नसतात. बारा-पंधराच्या आत बसलं तर बरं. आणि नावात शब्दांमध्ये जागा सोडता येत नाही, हे विसरू नका. उपवासाचे पदार्थ करणाऱ्या बायकांच्या एखाद्या गटानं 'नवरात्रासाठी' असं नाव घेतलं, तर इंग्रजी अक्षरांत ते 'नवरा त्रासाठी' असंही वाचता येतं! गिऱ्हाईक हसत येईल, पण कशाला?

यावर कुणी म्हणेल, देवनागरीतच नाव घ्यावं. ती सोय आहे. २७ ऑगस्ट २०१४ पासून 'डॉट भारत' असं शेवट असलेली देवनागरी नावं मिळतात, आणि मराठी वाचकांसाठी ती जरूर घ्यावीत. मात्र संगणकाच्या पोटात ते नाव इंग्रजी अक्षरांच्या संकेतात बदललं जातं. त्याची सुरुवात 'एक्सएन' या अक्षरांनी आणि दोन आडव्या रेघांनी होते. कधीकधी पाठवलेल्या संदेशात हा संकेतच दिसतो आणि पाहणारा बिचकतो. म्हणून एक इंग्रजी अक्षरांतलं आणि एक देवनागरी अशी दोन नावं घेऊन ती एकाच ठिकाणी नेणं, हे मला सोयीचं वाटतं.

नाव धंद्यापेक्षा तोकडंही असू नये. हापूसचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा. उरलेलं वर्ष मावशी आगळ आणि फणसपोळी विकते, आणि वेबसाइट मात्र बारा महिने आंब्याचीच! शिवाय 'हापूस' हे नाव तिच्या एकटीचं नाहीच. २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांना मिळून. जे शब्द सगळ्यांचे, त्यांवर एकाला हक्क सांगता येत नाही. जुनं नाव गेल्यावर आम्हाला कुठे दाद मागता आली नाही, त्याचं हेही एक कारण.

वेगळं, स्वतःचं नाव असेल तर कायदा पाठीशी उभा राहतो. १९९९ साली 'रेडिफ'नं 'रॅडिफ' अशा एका अक्षराच्या फरकानं घेतलेल्या नावाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. डोमेन नेम हा नुसता पत्ता नाही, त्याला व्यापारचिन्हासारखंच संरक्षण हवं, असं न्यायालयानं म्हटलं. २००४ साली 'सिफी'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही हेच तत्त्व मान्य केलं. पण हा कायदा दोन्ही बाजूंनी लागतो. आपलं नाव दुसऱ्याच्या प्रसिद्ध नावाशी मिळतंजुळतं असेल, तर नोटीस आपल्याच दारी येईल. म्हणून ठरवण्याआधी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या वेबसाइटवर शोध घ्यावा, तो फुकट घेता येतो. नाव पूर्वी कुणी वापरलं असेल तर कशासाठी, हे इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या जुन्या पानांच्या संग्रहात पाहावं. नाहीतर मावशीचं जुनं नाव उद्या कुणी भाबडेपणानं घ्यायचा आणि जुगाराची बदनामी त्याच्या पदरात पडायची.

आता दुसरी चूक, आणि ही पहिलीपेक्षा मोठी. वेबसाइटचं नाव आपण विकत घेतो असं म्हणतो, पण खरं ते भाड्यानं असतं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचं भाडं भरता येतं. आमचं नाव त्या मुलानं स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर नोंदवलं होतं. लबाडीनं नव्हे, सोय म्हणून. पुढे त्याची नोकरी बदलली, गाव बदललं, ईमेलही बदलला. मुदत संपत आल्याच्या सूचना जात राहिल्या, पण त्या वाचायला तिथे कुणीच नव्हतं. डॉट कॉमचं नाव मुदत संपल्या दिवशीच जात नाही. आधी नोंदणी करणारी कंपनी काही दिवसांची सवलत देते, मग जादा दंड भरून परत घ्यायला ३० दिवस असतात, नंतर ५ दिवसांनी ते सर्वांना खुलं होतं. आमची ही सगळी मुदत थंडीत गेली. आंब्याला मोहोर येत होता आणि वेबसाइटकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

अशी चूक मोठ्यांकडूनही होते, एवढंच समाधान. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्ट एका नावाची ३५ डॉलरची फी भरायला विसरली आणि ऐन नाताळात लोकांना हॉटमेलमध्ये शिरता येईना. शेवटी एका तिऱ्हाईत संगणक-प्रोग्रामरनं स्वतःच्या क्रेडिट कार्डानं ती फी भरली. मावशीला असा कुणी भेटला नाही.

तेव्हा नाव नोंदवताना चार गोष्टी सांभाळा. नोंदणी स्वतःच्या किंवा संस्थेच्या नावावर करा. ईमेल आणि मोबाइल तुमचाच द्या. पासवर्ड घरात दोघांना माहीत असू द्या. आणि मुदतीची तारीख विम्याच्या हप्त्याशेजारी लिहून ठेवा. वेबसाइट कुणाकडूनही बनवून घ्या, पण पाटीची किल्ली आपल्या कनवटीला असावी. नाव हातात असेल तर पुढे बदलताही येतं. जुन्या नावावर येणाऱ्यांना नव्याकडे वळवण्याची सोय असते, आणि हे वळण निदान वर्षभर तरी ठेवावं असं गुगल सांगतं. आमच्या हातात जुनं नावच नव्हतं. अकरा वर्षांत लोकांनी जिथे जिथे तो पत्ता लिहून ठेवला होता, ते सगळे रस्ते जुगाराच्या अड्ड्याकडे गेले.

शिवाय त्या वर्षीच्या पुठ्ठ्याच्या पेट्या छापून आल्या होत्या, प्रत्येकीवर ठळक अक्षरांत जुनं नाव. मावशी, मावसभाऊ आणि मी चार रात्री त्यावर कोऱ्या चिठ्ठ्या चिकटवत बसलो. मावशी एका शब्दानं बोलली नाही. तेच जास्त लागलं.

नवं नाव पुढच्या महिन्यात घेतलं. दोनच शब्दांचं, घराच्या अंगणातल्या झाडावरून सुचलेलं. त्यात ना हापूस आहे, ना रत्नागिरी, ना ऑनलाइन. आकाशवाणीवर जाहिरात करायची नसते, म्हणून ते इथे सांगत नाही. पण गेल्या दिवाळीत मी मावशीकडे होतो तेव्हा सोलापूरहून कुणाचा तरी फोन आला. मावशीनं नाव एकदा सांगितलं, पलीकडून "लिहून घेतलं" असं उत्तर आलं, आणि ती फोन ठेवून पुन्हा करंज्या भरायला बसली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)